एका टेकडीवरचे दोन मठ

बार्शीटाकळीच्या कालंकादेवीच्या देवळात शके १०९८ चा, म्हणजे सुमारे इसवी सन ११७६ चा शिलालेख आहे. काळ्या दगडाचे हे देऊळ वऱ्हाडच्या उन्हापावसात अजून उभे आहे. मग त्याहून चार शतकांनी धाकटी इमारत शंभर वर्षांत का कोसळावी? या प्रश्नासाठी आम्ही श्रोत्यांना जुन्या गोव्यातील एका टेकडीवर नेणार आहोत.

तेथे ऑगस्टिन पंथाचे दोन मठ समोरासमोर होते. एक साधूंचा, त्याचे भव्य चर्च १६०२ मध्ये पुरे झाले. दुसरा सांता मोनिका, जोगिणींचा. आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांनी १६०६ मध्ये त्याची स्थापना केली आणि १६२७ मध्ये बांधकाम संपले. १६३६ मध्ये तो आगीत सापडला, परंतु पुढल्याच वर्षी पुन्हा बांधण्यास घेतला. मधोमध चौक, भोवती तीन मजली ओवऱ्या, बाहेरून भिंतींना भक्कम धिरे आणि लगतच चर्च, अशी त्याची रचना आहे.

दोहोंचा दगड एकच: जांभा. जांभा सच्छिद्र असतो. त्यावर चुन्याचा गिलावा नसेल तर कोकणातला पाऊस त्याला पोखरतो. म्हणून तेथे डागडुजी हा वर्षाचा नेमच असावा लागतो.

१८३४ मध्ये पोर्तुगाल सरकारने साधूंचे मठ बरखास्त केले. गोव्यात हा हुकूम १८३५ मध्ये लागू झाला व साधूंना मठ सोडावा लागला. अवघ्या सात वर्षांत, १८४२ साली, चर्चचे कमानदार छत खाली आले. घंटा १८७१ मध्ये पणजीच्या चर्चवर चढली. १९३१ मध्ये दर्शनी भिंत व निम्मा मनोरा ढासळला. सुमारे ४६ मीटर उंचीच्या त्या मनोऱ्याचा आज भग्नावशेष तेवढा उरला आहे.

जोगिणींना मात्र हाकलले नाही. नव्या मुली घेण्याची बंदी झाली. एकेक वृद्धा मिटत गेली, शेवटची १८८५ मध्ये वारली. तोवर पन्नास वर्षे त्या वास्तूत दिवा लागत होता, गळती दिसताच कोणी हाक मारीत होते. १९६४ पासून तेथे धर्मशिक्षणाची संस्था आहे.

साधूंच्या चर्चचे छत प्रचंड होते, हेही कारण असेल. ते आम्ही नाकारीत नाही. तरी समोरासमोरच्या या दोन वास्तूंचे भिन्न भवितव्य पाहिले म्हणजे वाटते, की छप्पर गळू लागल्यावर वर चढणारा माणूस घरात असणे हाही बांधकामाचाच भाग आहे. कालंकादेवीचे देऊळ बिनचुन्याचे असले तरी त्याच्या सांध्यांत पिंपळाचे रोप उगवतेच. ते उपटायचे कोणी, हे आपणच ठरवायचे आहे.