स्पायडरमॅन मराठीत बोलला, पण ऐकला कोणी?

उल्हासनगर, खास प्रतिनिधी : ‘स्पायडरमॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ हा अॅनिमेशनपट १ जून २०२३ रोजी भारतात इंग्रजीसह दहा भाषांत प्रदर्शित झाला आणि चित्रपटगृहाच्या पडद्यावरील स्पायडरमॅन प्रथमच मराठीत बोलला. याच चित्रपटात पवित्र प्रभाकर हा भारतीय स्पायडरमॅनही अवतरला. चाहत्यांनी त्याला डोक्यावर घेतले. मराठी आवृत्तीच्या वाट्याला मात्र तो उत्साह आला नाही. बहुतांश खेळ इंग्रजी आणि हिंदीतच होते.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्याकडे पाहिले की यामागचे गणित उलगडते. २०११च्या जनगणनेनुसार या तीन शहरांची एकत्रित लोकसंख्या नऊ लाखांहून अधिक होती. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी कल्याणजवळच्या लष्करी छावणीत वसवलेले उल्हासनगर हे मुळातच सिनेमावेडे शहर. व्हीनस आणि श्रीराम या चित्रपटगृहांची नावे तर तेथील चौकांनाच चिकटली. पण येथील तिकीटबारीची भाषा हिंदी राहिली. लोकलने थोडे पुढे गेल्यावर लागणाऱ्या अंबरनाथ-बदलापुरात गिरगाव, दादर, परळमधून जागेच्या शोधात आलेला मराठी मध्यमवर्ग मोठा आहे. मात्र त्याची मुले इंग्रजी माध्यमात शिकतात आणि आयर्न मॅनचे संवाद मूळ भाषेत पाठ करतात. आजोबांना मराठी हवे, नातवाला इंग्रजी. कुटुंब एकत्र निघाले की तडजोड होते ती हिंदीवर. वितरकांचा हिशेबही याच गृहीतावर चालतो : मराठी माणसाला हिंदी समजते, मग वेगळा खर्च कशाला? तमिळ आणि तेलुगू प्रेक्षकांबाबत असे गृहीत कोणी धरत नाही.

म्हणूनच ४ मे २००७ रोजी आलेला ‘स्पायडरमॅन ३’ हिंदी, तमिळ, तेलुगूबरोबर चक्क भोजपुरीत निघाला, मराठीत नव्हे. २६ एप्रिल २०१९ रोजीच्या ‘अॅव्हेंजर्स : एंडगेम’चीही तीच गत. त्या चित्रपटाने पहिल्याच दिवशी देशात पन्नास कोटी रुपयांहून अधिक गल्ला जमवला आणि मुंबई परिसरातील काही चित्रपटगृहांनी रात्रभर खेळ लावले. कर्जत मार्गावरील चाहत्यांसाठी मुंबईतला रात्रीचा खेळ म्हणजे शेवटची लोकल चुकवून पहाटेच्या गाडीची वाट पाहणे.

विशेष म्हणजे छापील माध्यमात परिस्थिती उलट होती. टाइम्स समूहाची १९६४मध्ये सुरू झालेली ‘इंद्रजाल कॉमिक्स’ मराठीतही निघत आणि फँटम, मँड्रेक घरोघरी मराठी बोलत. म्हणजे मुखवटाधारी नायक मराठी वाचकाला नवा नव्हता. ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’मधील ‘मुंबॅटन’ या काल्पनिक शहराची रंगसंगती ठरवताना दिग्दर्शकांनी याच ‘इंद्रजाल’च्या सत्तरच्या दशकातील अंकांचा आधार घेतला होता. ज्या पिढीने ते अंक वाचले, ती पिढी हा चित्रपट पाहायला फारशी गेली नसावी, हा भाग वेगळा.

पवित्र प्रभाकर हे पात्रही चित्रपटासाठी नव्याने घडवलेले नाही. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी २००४ साली चार अंकांच्या ‘स्पायडरमॅन : इंडिया’ या कॉमिक्समध्ये ते आणले. खेड्यातून मुंबईत शिकायला आलेला, धोतर नेसून इमारतींवरून झेपावणारा हा मुलगा. त्याला शक्ती मिळते ती किरणोत्सारी कोळ्याच्या दंशातून नव्हे, तर एका योग्याकडून. ‘पीटर पार्कर’शी उच्चार जुळवण्याच्या नादात नावाची मात्र गंमत झाली आहे. महाराष्ट्रात ‘प्रभाकर’ हे आडनाव क्वचितच आढळते. ते बहुधा एखाद्या काकांचे नाव असते.

चित्रपटातील सर्वाधिक गाजलेला प्रसंग चहाचा. अमेरिकी नायक माइल्स मोरालेस ‘चाय टी’ म्हणतो आणि पवित्र त्याची फिरकी घेतो, की चाय म्हणजेच टी, हे तर एकच शब्द दोनदा म्हणणे झाले. देशभरातील चाहत्यांनी या प्रसंगाला दाद दिली. भाषांतरकाराची खरी कसोटी येथेच लागते. हा विनोद ‘चाय’ या शब्दावर उभा आहे, तर मराठी माणूस पितो तो ‘चहा’. शब्द बदलावा तर विनोद मरतो, ठेवावा तर मुंबईचा मुलगा हिंदी बोलतो. ब्रिटिशांनी येथील वस्तू पळवून नेल्याची पवित्रची कोपरखळी मात्र कोणत्याही भाषेत पोहोचते.

हिंदी आणि पंजाबी आवृत्त्यांत पवित्रला क्रिकेटपटू शुभमन गिलने आवाज दिला आणि प्रसिद्धीचा झोतही त्या दोन भाषांवर राहिला. मराठीतील स्वतंत्र प्रयत्नाचा अनुभवही उत्साहवर्धक नव्हता. निखिल महाजन दिग्दर्शित, श्रेयस तळपदे अभिनित ‘बाजी’ (२०१५) या मुखवटाधारी नायकाच्या चित्रपटाला अपेक्षित यश लाभले नाही.

‘सुपरहीरो’ला मराठीत रुळलेला प्रतिशब्दही नाही; ‘अतिमानव’ पुस्तकातच राहिला. एप्रिल २०२१मध्ये बदलापूरच्या पुढील वांगणी स्थानकात एका पॉइंट्समनने भरधाव गाडीसमोरून लहान मुलाला वाचवले, तेव्हाही लोकांच्या तोंडी ‘सुपरहीरो’ हाच शब्द आला.

चाहत्यांची मुख्य तक्रार भाषेची नव्हे, शेवटाची आहे. कथा ऐन रंगात असताना चित्रपट संपतो. पुढचा भाग २९ मार्च २०२४ रोजी यायचा होता. तो लांबणीवर पडून २०२७ साल जाहीर झाले आहे.