डबल मेजर, कोसंबी आणि झिजलेली नाणी

मामेबहिणीची बारावी झाली आणि घरात सध्या एकच विषय आहे. तिला कॉम्प्युटर सायन्सही हवंय आणि इतिहासही. म्हणजे डबल मेजर. तिने चक्क एक्सेल शीट केलंय: आठ सेमिस्टर, प्रत्येकाचे क्रेडिट्स, आणि जे कोर्सेस दोन्हीकडे मोजता येतात ते पिवळ्या रंगात. मामांचं म्हणणं, "एक काय ते धड कर." (मामा स्वतः कॉमर्सचे आणि पेटी फार सुरेख वाजवतात, पण ते असो.)

हाच सल्ला 1920च्या दशकात हार्वर्डमध्ये एका मराठी मुलाला मिळाला होता. देणारा होता जॉर्ज बर्कहॉफ, त्या काळचा अमेरिकेतला अव्वल गणिती. मुलगा म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. बर्कहॉफचं म्हणणं, तू गणितावरच लक्ष केंद्रित कर. कोसंबींनी ऐकलं नाही. गणित केलंच, पण भाषा, इतिहास, जे दिसेल त्याचे कोर्सेस घेतले आणि सगळीकडे उत्तम मार्क मिळवले.

इथे थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी, कारण 'मेजर' ही भानगड आपण गृहीत धरतो. चार्ल्स एलियट 1869 ते 1909 अशी चाळीस वर्षं हार्वर्डचे अध्यक्ष होते. त्यांनी जुना ठरीव अभ्यासक्रम मोडीत काढला आणि विद्यार्थ्याला हवं ते निवडू दिलं. झालं काय, तर बरीचशी पोरं चार ठिकाणचे सोपे सोपे कोर्सेस गोळा करून पदवी घेऊन जायला लागली. त्यांच्यानंतर आलेल्या लॉरेन्स लॉवेलनी नियम केला की ठरावीक कोर्सेस एकाच विषयात हवेत आणि उरलेले इतर गटांत विभागून. म्हणजे मेजर हा प्रकार विखुरलेपणावरचा उतारा होता. त्यामुळे बर्कहॉफ काही खडूस म्हातारा नव्हता. तो ज्या व्यवस्थेत होता तिचं शहाणपणच सांगत होता.

कोसंबी 1907 साली गोव्यात जन्मले. वडील धर्मानंद हे पाली आणि बौद्ध वाङ्मयाचे मोठे पंडित. हार्वर्डमध्ये 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनासाठी ते 1918 मध्ये पुन्हा अमेरिकेला गेले ते मुलाला बरोबर घेऊन. 1929 मध्ये मुलगा सर्वोच्च श्रेणीत पदवीधर झाला आणि पीएचडी न करता भारतात परतला. बनारस, अलीगढ आणि मग पुण्यात फर्ग्युसन, सगळीकडे गणित शिकवलं.

आता माझ्या मते खरी गंमत. कोसंबींचं 'दुसरं मेजर' कॉलेजात झालंच नाही. ते नाण्यांतून आलं.

त्यांना स्टॅटिस्टिक्स शिकायचं होतं आणि त्यासाठी हाताशी एखादा खरा प्रश्न हवा होता. त्यांनी निवडली तक्षशिलेला सापडलेली चांदीची आहत नाणी. युक्तिवाद साधा आहे. टांकसाळीतून निघताना नाण्यांची वजनं जवळजवळ सारखी असतात. हातोहात फिरताना ती झिजतात, म्हणून सरासरी वजन घटत जातं. पण सगळी सारखी झिजत नाहीत, म्हणून वजनांमधला फरक वाढत जातो. हे खरं आहे का ते तपासायला त्यांनी आधी चालू नाणी तराजूवर घातली. हजारो! (आमच्या टीममध्ये कुणी टेस्ट डेटासाठी एवढे कष्ट घेतल्याचं मी पाहिलेलं नाही.) मग प्राचीन नाणी. मागच्या बाजूचे ठसे जितके जास्त तितकं वजन कमी, म्हणजे ते ठसे वापरात असताना वेळोवेळी मारलेले, असं त्यांनी दाखवलं. नाण्यावर अक्षर नाही, राजाचं नाव नाही, तरी कुठलं आधीचं आणि कुठलं नंतरचं ते वजनावरून लावता यायला लागलं.

मग पुढचा प्रश्न आपोआप आला: ही नाणी पाडली कुणी? त्यासाठी संस्कृत साधनं बघायला हवीत. त्यात इतके शिरले की 1948 मध्ये भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती काढली. मग पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर हिंडून दगडी हत्यारं, गावदेवता, जुने रस्ते. 1956 मध्ये भारतीय इतिहासावरचं ते गाजलेलं पुस्तक आलं. याच काळात गणितही चालूच होतं. 1943 च्या त्यांच्या एका पेपरातली कल्पना आज आपण डेटा आटवायला वापरतो (कारहुनेन-लोएव्ह हे नाव तिला नंतर पडलं), आणि 1944 मधलं गुणसूत्रावरच्या जनुकांमधली अंतरं काढायचं सूत्र तर 'कोसंबी' याच नावाने अजून वापरात आहे.

बहिणीच्या शीटमधले पिवळे चौकोन मला म्हणून खटकतात. तिथे दोन विषय एकत्र येतात ते क्रेडिट वाचवायला. कोसंबींकडे ते एकत्र आले, कारण प्रश्न एकट्या विषयाला सुटत नव्हता. अर्थात त्यांच्याकडे एक्सेलही नव्हतं आणि हार्वर्डची फीसुद्धा आजची नव्हती! आज आपल्याकडेही 2020 च्या नव्या धोरणाने मेजर-मायनर आलंय, यूजीसीने 2022 मध्ये एकाच वेळी दोन पदव्यांना परवानगी दिलीय. दार उघडलं हे चांगलंच झालं.

पण मामाही पूर्ण चूक नाहीत. किंमत मोजावी लागतेच. इतकं सगळं करणारा माणूस बऱ्याच गणितज्ञांच्या लेखी 'वाया गेलेला' होता आणि बऱ्याच इतिहासकारांच्या लेखी बाहेरचा. 1959 मध्ये त्यांनी संभाव्यता वापरून रीमान हायपोथेसिस सुटल्याचा दावा केला, तो शेतीविषयक स्टॅटिस्टिक्सच्या जर्नलमध्ये छापला आणि तो टिकला नाही. 1962 मध्ये टाटा इन्स्टिट्यूटने त्यांचं कंत्राट वाढवलं नाही. तोवर कित्येक वर्षं ते पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईला जा-ये करत होते. 1966 च्या जूनमध्ये ते गेले, वय 58.

नाण्यांची ही गोष्ट त्यांनी स्वतः 'स्टेप्स इन सायन्स' नावाच्या निबंधात सांगितलीय. छोटा आहे, एका बैठकीत होतो. भाषा मात्र तिखट आहे, ती सांभाळून घ्या.