देवीची लस आणि काळाचे गणित

‘देवी काढणे’ हा शब्द नव्या पिढीच्या कानी आता फारसा पडत नाही. परंतु आपल्यातील वडीलधाऱ्या मंडळींच्या हातावर त्याची खूण अजून आहे. टोचले की माणूस सुरक्षित झाला, अशी आपली समजूत असते. देवीच्या लसीचा इतिहास मात्र निराळे सांगतो.

१४ मे १७९६ रोजी इंग्लंडातील बर्कली गावी एडवर्ड जेन्नर यांनी गवळणीच्या हातावरील गाईच्या देवीची लस घेऊन आठ वर्षांच्या जेम्स फिप्सला टोचली. खऱ्या देवीचे विष त्याला दिले ते १ जुलैला, म्हणजे अठ्ठेचाळीस दिवसांनी. मुलाला देवी आल्या नाहीत. असा प्रयोग आज कोणी करू नये. पण त्या मधल्या दिवसांतच सारे मर्म होते.

पुढे तीच लस बगदाद, बसरा असा प्रवास करीत, एकाच्या हातावरून दुसऱ्याच्या हातावर टोचली जात मुंबईस आली. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस ती टोचण्यात आली. फोड भरण्यास सुमारे आठ दिवस लागत. मगच त्यातून पुढच्यास टोचता येई.

त्या दिवसांत शरीरात काय घडते, हे जेन्नरांना ठाऊक नव्हते. आज आपण जाणतो, की रक्तातील काही पेशी परक्या विषाणूस ओळखतात, वाढतात आणि प्रतिपिंडे तयार करतात. खरी देवी अंगात शिरल्यापासून ताप येईपर्यंत सुमारे बारा दिवस जात. म्हणून संसर्गानंतर तीन-चार दिवसांत टोचले, तर लस रोगाच्या आधी पोहोचे. उशीर झाला, तर रोग पुढे जाई.

हे संरक्षण जन्मभर पुरेल, असे जेन्नरांना वाटे. अनुभवाने ते खोटे ठरविले. १८७४ च्या जर्मन कायद्याने बालपणी एकदा व बाराव्या वर्षी पुन्हा टोचणे सक्तीचे केले.

१९७५ नंतर भारतात देवीचा रोगी आढळला नाही. १९८० मध्ये जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. लस टोचण्यास क्षण पुरतो, संरक्षणास दिवस लागतात. साथ दाराशी आल्यावर धावपळ करणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय, एवढे आपण ध्यानी ठेवावे.