वऱ्हाडी कपाशीची ओळख : खामगावच्या बाजारातून प्रयोगशाळेकडे

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर भागातील पूर्णाकाठच्या काळ्या जमिनीत कपाशी पिढ्यान्‌पिढ्या पिकत आली असली, तरी तिच्या जाती नेमक्या किती आणि त्या एकमेकींपासून वेगळ्या कशा ओळखाव्यात, याचे समाधानकारक उत्तर विसाव्या शतकातच मिळाले. त्याआधी ही पारख बाजार करीत असे. खामगावात १८२० च्या सुमारास काही व्यापाऱ्यांनी तूप, सूत आणि थोडाबहुत कापूस यांचा व्यापार सुरू केला. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजी अमलाखाली गेले आणि १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, तेव्हा याच गावाची गणना देशातील मोठ्या कापूसपेठांत होऊ लागली. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा खुला झाला, तो मुख्यतः कापसाच्या गाठींसाठीच होता. त्या वेळी अकोला जिल्ह्यात असलेले खामगाव १९०५ च्या पुनर्रचनेत बुलढाणा जिल्ह्यात आले.

बाजाराची पारख रुईवर, म्हणजे सरकी काढून उरलेल्या तंतूंवर चालत असे. तलम व लांब धाग्याच्या कापसाला ‘बनी’ म्हणत आणि भरड कापूस ‘जरी’ या नावाने विकला जाई. ही नावे व्यापाराला पुरेशी असली, तरी त्यांवरून शेतातील झाडाविषयी फारसा बोध होत नसे, कारण जरीच्या एकाच शेतात पिवळ्या फुलांची, पांढऱ्या फुलांची, अरुंद पानांची आणि रुंद पानांची अशी नाना प्रकारची झाडे शेजारी शेजारी उभी असत. या सरमिसळीचे मोठे कारण जिनिंगच्या कारखान्यांत होते. शेतकरी घरच्या रेच्यावर सरकी काढून पुढच्या पेरणीसाठी राखत असे, तोवर बियाणे बरेचसे वेगळे राहत होते. मात्र गावोगावचा कापूस एकाच जिनमध्ये पडू लागल्यावर सरकी एकत्र झाली आणि तीच पुन्हा बियाणे म्हणून शेतात गेली. आखूड धाग्याच्या भरड प्रकारांतून रुईचा उतारा जास्त मिळतो, म्हणजे तेवढ्याच कापसातून अधिक रुई निघते, त्यामुळे बनी मागे पडत गेली.

या मिश्रणाची शास्त्रीय वर्गवारी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये वनस्पतिशास्त्र शिकवणारे जी. ए. गॅमी यांनी केली. भारतीय कपाशीवरील १९०७ च्या ग्रंथात त्यांनी जरीच्या मिश्रणातील मुख्य प्रकार ‘गॉसिपियम नेग्लेक्टम’ या जातीखाली घालून फुलांचा रंग आणि पानांच्या खंडांची रुंदी यांवरून त्यांचे पोटभेद पाडले. पिवळे फूल व अरुंद खंड असेल तर ‘व्हेरा’, पिवळे फूल व रुंद खंड असेल तर ‘माळवेन्सिस’, पांढरे फूल व अरुंद खंड असेल तर ‘रोझिया’ आणि पांढरे फूल व रुंद खंड असेल तर ‘कच्छिका’, अशी त्यांची मांडणी होती. बनीला त्यांनी ‘गॉसिपियम इंडिकम’ या वेगळ्या जातीत ठेवले. शेतात उभे राहून सहज वापरता यावी अशी ही पद्धत होती आणि पांढऱ्या फुलांच्या, अधिक उताऱ्याच्या ‘रोझिया’ची निवड करून त्याचा प्रसार करण्यास कृषी खात्याला तिचा उपयोगही झाला.

परंतु डोळ्यांना चटकन दिसणारी लक्षणे जातिभेद दाखवतातच असे नाही. कानपूर येथे एच. मार्टिन लीक यांनी केलेल्या संकरांतून दिसून आले की फुलाचा पिवळा किंवा पांढरा रंग आणि पानाचा आकार ही मेंडेलच्या नियमांनुसार पुढच्या पिढ्यांत वेगळी होणारी साधी आनुवंशिक लक्षणे आहेत. पुढे पेशींतील गुणसूत्रांची, म्हणजे आनुवंशिक गुण वाहणाऱ्या सूक्ष्म धाग्यांची मोजणी झाली, तेव्हा खरी सीमारेषा स्पष्ट झाली : देशी कपाशीत ती २६ असतात, तर अमेरिकन कपाशीत ५२. त्यामुळे दोघींचा संकर झालाच, तर त्याची संतती सहसा वांझ निघते. इंदूर येथे काम करणाऱ्या जे. बी. हचिन्सन यांनी १९३७ मध्ये आर. एल. एम. घोष यांच्यासह आशियाई कपाशीची फेरमांडणी केली आणि त्या विचारधारेत गॅमींचे नेग्लेक्टम व इंडिकम हे दोन्ही ‘गॉसिपियम आर्बोरियम’ या एकाच जातीचे वंश ठरले.

त्यामुळे वऱ्हाडच्या शेतात मुख्यतः दोनच जाती वेगळ्या ओळखाव्या लागतात आणि त्यासाठी पात्याभोवतीची, म्हणजे फुलाच्या कळीभोवतीची तीन हिरवी छदके आधी पाहावीत. आर्बोरियमची छदके त्रिकोणी, पात्याला बिलगलेली आणि कडेला जेमतेम काही दाते असलेली असतात. अमेरिकन म्हणजे ‘गॉसिपियम हिर्सुटम’ या जातीची छदके रुंद असून त्यांची कड लांब, टोकदार दात्यांत खोलवर चिरलेली असते. देशी कपाशीचे पान खोल खंडांचे, बोंड लहान, निमुळते व खळग्यांनी भरलेले, तर अमेरिकनचे पान उथळ खंडांचे आणि बोंड मोठे व गुळगुळीत असते.

ही ओळख केवळ अभ्यासकांच्या कामाची नव्हती. मर रोगाने देशी कपाशी वाळू लागली, तेव्हा कृषी खात्याने त्या रोगाला दाद न देणारी ‘बुरी’ ही अमेरिकन कपाशी मध्य प्रांत व वऱ्हाडात आणली. उलट तुडतुड्यांचा त्रास अमेरिकन कपाशीलाच अधिक होतो. स्वातंत्र्याच्या वेळी देशात देशी कपाशीचेच प्राबल्य होते. नंतर लांब धाग्याची मागणी, संकरित वाण आणि २००२ पासूनचे बीटी बियाणे यांमुळे हिर्सुटमने तिला जवळजवळ हटवले. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने ‘एकेए-७’ सारखे देशी वाण दिले आहेत, तथापि ते टिकवायचे तर वाणागणिक कापूस वेगळा वेचणे, वेगळा रेचणे आणि सरकी वेगळी राखणे यांना पर्याय नाही. कारण वऱ्हाडची बनी शास्त्राच्या उणिवेने नव्हे, तर मुख्यतः या साध्या शिस्तीच्या अभावी गेली.