गुणाचा कायदा आणि बोलण्याचा कायदा
बाटलीत काय आहे ते तपासणे आणि बाटलीबद्दल काय बोलावे ते ठरवणे, ही दोन कामे आपल्या कायद्याने वेगवेगळ्या काळात हाती घेतली. 1940 चा औषध कायदा मुख्यतः दर्जाचा होता, आणि तोही ब्रिटिश हिंदुस्थानासाठी. आज पूर्णा तालुक्यात असलेले ताडकळस गाव तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणजे या कायद्याच्या कक्षेबाहेर होते. पुण्या-मुंबईच्या मराठी वृत्तपत्रांत त्या काळी धातुपौष्टिक गोळ्यांच्या जाहिराती सर्रास येत. बोलण्यावर देशव्यापी लगाम आला तो 1954 च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने. 1 एप्रिल 1955 ला तो अमलात आला, तेव्हा ताडकळस अजून हैदराबाद राज्यातच होते. मधुमेह, कर्करोग यांसारखे रोग बरे करण्याच्या आणि उंची वाढवण्याच्या जाहिरातींना त्याने बंदी घातली.

हा देशी वैद्यकावर घाला आहे, असा आक्षेप तेव्हाच निघाला. हमदर्द दवाखान्याने तो सर्वोच्च न्यायालयात नेला. 1959 च्या निकालाने कायदा मूलतः टिकवला, मात्र सरकारला दिलेले काही अमर्याद अधिकार रद्द केले. हा निकाल मला महत्त्वाचा वाटतो. बंदी औषधावर नव्हती, जाहिरातीवर होती. वैद्याने रोगी तपासून औषध देण्यास तिची आडकाठी नव्हती.

पुढे नवी वाट निघाली. 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याने पूरक आहाराला अन्नाच्या वर्गात बसवले. अन्न म्हटले की औषधाइतकी कडक परीक्षा नाही. पण त्या सवलतीची किंमत म्हणून रोग बरा करण्याची भाषा सोडावी लागते. 2018 च्या दावेविषयक नियमांनी ही अट स्पष्ट केली. कॅल्शियम हाडांच्या बळकटीला मदत करते, असे ठरीव विधान चालते. सांधेदुखी जाते, असे म्हणता येत नाही.

खेड्यात कोण तपासायला येतो, हा प्रश्न रास्त आहे. निरीक्षक कमी पडतात, म्हणून नियम निरर्थक होत नाही. पूरक आहाराचा डबा तर गिऱ्हाईकाच्या हातात असतो. त्यावर 14 अंकी परवाना क्रमांक आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ ही सूचना असायला हवी. सूचना छापूनही विक्रेता साखर उतरवण्याची हमी देत असेल, तर पैसे देण्याआधी त्याला तीच ओळ मोठ्याने वाचायला लावा.