सांत परावर्तन गटांचे आव्यूह-निरूपण

ज्या सांत गटाचा प्रत्येक घटक यूक्लिडीय अवकाशातील परावर्तनांच्या गुणाकाराने मिळतो, त्यास बीजगणितात सांत परावर्तन गट म्हणतात. हे घटक आव्यूहांच्या, म्हणजे मॅट्रिक्सच्या, रूपात मांडणे हे त्या गटाचे आव्यूह-निरूपण होय.

परावर्तनाचा आव्यूह

शून्येतर सदिश अ ला लंब असलेले प्रतल आरसा मानल्यास सदिश य ची प्रतिमा पुढील सूत्राने मिळते:

प(य) = य − २ [(य·अ) ÷ (अ·अ)] अ

आरशावरील सदिश जागचे हलत नाहीत आणि अ चे −अ होते. त्यामुळे मिती कितीही असल्या तरी या आव्यूहाचा निर्धारक −१ असतो व त्याचा वर्ग एकक आव्यूह असतो.

समभुज त्रिकोण

समभुज त्रिकोणाच्या सममितींच्या गटात सहा घटक आहेत: तीन परावर्तने, दोन परिभ्रमणे आणि अविकारक घटक. नेहमीचे परस्परलंब अक्ष घेतल्यास त्यांच्या आव्यूहांत √३/२ ही अपरिमेय संख्या येते. त्याऐवजी ६०° कोनात छेदणाऱ्या दोन आरशांना लंब असलेले, समान लांबीचे आणि परस्परांशी १२०° कोन करणारे सदिश अ व ब हे आधार-सदिश घ्यावेत. पहिल्या परावर्तनाने अ चे −अ आणि ब चे अ + ब होते. दुसऱ्याने अ चे अ + ब आणि ब चे −ब होते. आव्यूहाच्या ओळी उभ्या रेघेने विलग करून लिहिल्यास,

प₁ = [−१ १ | ० १]
प₂ = [१ ० | १ −१]
प₁प₂ = [० −१ | १ −१]

शेवटच्या आव्यूहाचा घन एकक आव्यूह येतो. १२०° च्या परिभ्रमणाकडून हीच अपेक्षा असते. सहाही आव्यूहांत −१, ० आणि १ यांखेरीज दुसरी संख्या येत नाही. गट तोच राहतो, पण हाताने गणित करणाऱ्याचे श्रम पुष्कळ वाचतात.

पूर्णांकांची मर्यादा

ही सोय सर्वत्र साधत नाही. आव्यूहाच्या मुख्य कर्णावरील पदांची बेरीज आधार-सदिश बदलले तरी बदलत नाही. सुसम पंचकोनाच्या ७२° परिभ्रमणासाठी ही बेरीज (√५ − १)/२ येते. ती पूर्णांक नसल्याने पंचकोनाचा गट पूर्णांकी २×२ आव्यूहांनी मांडता येत नाही. नियमित जालक असलेल्या स्फटिकांत पंचपदरी परिभ्रमण-सममिती नसते, त्याचे कारणही हेच. डॅन शेख्टमन यांना १९८२ मध्ये एका मिश्रधातूत तशी सममिती दिसली, ती नियमित जालक नसलेल्या रचनेत. त्यासाठी त्यांना २०११ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

वर्गीकरण

सांत परावर्तन गटांची पूर्ण यादी हॅरॉल्ड कॉक्सेटर (१९०७–२००३) यांनी १९३५ मध्ये दिली. तीत काही अनंत माला असून सहा गट अपवादात्मक आहेत. त्यांपैकी सुसम विंशतिफलकाच्या १२० घटकांच्या गटाला √५ टाळता येत नाही. उलट 'ई-आठ' गटाचे ६९,६७,२९,६०० घटक ८×८ पूर्णांकी आव्यूहांत मांडता येतात.