बोरघाटाचे इंजिनीअर आणि खेळाचे मैदान

चेंडूची गती समीकरणात मांडता येते, पण तोच चेंडू अंगावर आला असता झेलता येत नाही असा जो मनुष्य तो इंजिनीअर, ही समजूत महाराष्ट्राच्या पांढरपेशा वर्गात आज इतकी रूढ झाली आहे की, तिचा केव्हातरी आरंभ झाला असेल हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. तो आरंभ शोधावयाचा तर बोरघाटाच्या पायथ्याच्या कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांइतकी सोयीची जागा मला दुसरी दिसत नाही. कारण रस्ता, लोहमार्ग, वीज, पोलाद आणि द्रुतगती महामार्ग अशा एकामागून एक आलेल्या कामांच्या निमित्ताने इंजिनीअरांच्या जितक्या पिढ्या या डोंगरपायथ्याने पाहिल्या, तितक्या पुण्यामुंबईबाहेरच्या फार थोड्या मुलखांनी पाहिल्या असतील.

१८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या अमदानीत बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, आणि १८५६ साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मुख्य इंजिनीअर जेम्स बर्कली याच्या आराखड्याप्रमाणे त्याच सह्याद्रीच्या भिंतीवर लोहमार्ग चढविण्याचे काम सुरू झाले. पावणेसोळा मैलांत अठराशे फुटांहून अधिक चढण, पंचवीस बोगदे, आणि सर्वांत उभा चढ एकास सदतीस, म्हणजे सदतीस फूट पुढे जावे तेव्हा एक फूट वर. आजही पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतच्या फलाटावर मागून जोर लावणारी इंजिने, ज्यांना रेल्वेचे लोक ‘बँकर’ म्हणतात, ती जोडावी लागतात. त्या जोडणीत जी मिनिटे जातात त्यांवर दिवाडकरांच्या बटाटेवड्याची कीर्ती उभी राहिली, हे प्रवाशाला ठाऊक असते, पण त्या थांब्याचे मूळ बर्कलीच्या आकड्यात आहे हे तो विसरतो. पहिला मक्तेदार फेविएल मजुरांच्या दंग्यांनंतर १८५९ मध्ये बाजूला झाला. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल काही आठवड्यांतच वारला. आणि मक्ता पुरा केला तो त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेल हिने, दोन अनुभवी इंजिनीअरांच्या हाती काम सोपवून. १८६१ साली या कामावर ४२ हजारांच्या घरात माणसे होती, आणि पटकीने त्यांतली किती नेली याचा हिशेब कोणत्याही दफ्तराने चोख ठेवलेला नाही. २१ एप्रिल १८६३ रोजी घाट खुला झाला तेव्हा बर्कली स्वतः हयात नव्हता. घाटाची वाट इंग्रजांना शिंग्रोबा नावाच्या धनगराने दाखविली अशी या भागातली आख्यायिका आहे. जुन्या रस्त्यावरील त्याच्या देवळापाशी अजूनही प्रवासी नाणे टाकून पुढे जातात.

त्या काळी इंजिनीअर खेळापासून दूर होता काय? विलायतेतला पुरावा अगदी उलट आहे. फुटबॉलच्या एफ. ए. चषकाचा पहिला अंतिम सामना १८७२ साली लंडनच्या ओव्हल मैदानावर झाला, आणि त्यात हरलेला संघ होता रॉयल इंजिनीअर्स या लष्करी इंजिनीअरांचा. १८७५ साली त्यांनीच तो चषक जिंकला. एकेकट्याने चेंडू रेटीत धावण्याच्या त्या युगात एकमेकांकडे चेंडू देत पुढे सरकण्याची संघटित पद्धत ज्यांनी रूढ केली, त्यांत या मंडळींची गणना प्रथम होते. त्यांचा अग्रणी मेजर मॅरिंडिन पुढे फुटबॉल असोसिएशनचा अध्यक्ष झाला आणि सरकारचा रेल्वे-निरीक्षकही झाला. पूल तपासणे आणि अंतिम सामन्यात पंचगिरी करणे ही दोन्ही कामे एकाच माणसाला शोभतात, याचे कुणाला नवल वाटले नाही. आपल्याकडे १८५४ साली सार्वजनिक बांधकामासाठी माणसे तयार करावीत म्हणून पुण्यात जो वर्ग निघाला, त्याचेच पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले, आणि १९२८ पासून तेथे नौकाक्रीडेची परंपरा चालत आली आहे.

घाटानेही खेळाची सेवा केली, आणि ती केवळ उपमेची नव्हे. १९२९ च्या सुमारास विजेची इंजिने धावू लागली, गाडीची दिशा उलटविणारे जुने स्थानक बंद झाले, आणि १ जून १९३० रोजी सुरू झालेली दख्खनची राणी आरंभी आठवड्याच्या अखेरीस, मुख्यतः पुण्याच्या घोड्यांच्या शर्यतींच्या शौकिनांना नेण्यासाठी धावत असे. घोड्यांमागून सायकली आल्या. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंतचा चढ जो सर्वांआधी पार करील त्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळतो. वळणाआधी दात्यांचे प्रमाण बदलावे की वळणानंतर, दम कुठे राखावा आणि कुठे खर्चावा, याचा जो अंदाज त्या स्वाराच्या पोटऱ्यांत असतो, तो एकास सदतीसच्या गणिताहून जातीने निराळा आहे असे निदान मला तरी वाटत नाही.

मग इंजिनीअराला खेळ येत नाही ही समजूत आली कोठून? माझ्या मते तिची दोन मुळे आहेत. १९१५ मध्ये खोपोलीचे आणि १९२२ मध्ये भिवपुरीचे टाटांचे वीजगृह सुरू झाले. डोंगरावरच्या तलावांचे पाणी नळांतून सुमारे सतराशे फूट खाली कोसळून चाके फिरवू लागले, आणि त्याबरोबरच ‘कॅम्प’ आणि ‘गाव’ असा भेद या भूमीवर पडला. गावाचा खेळ हुतुतू. त्याचे मैदान ग्रामदैवताच्या देवळापुढचे. कॅम्पातल्या साहेबाच्या बंगल्याला मात्र कुंपण होते, आणि कुंपणापलीकडच्या माणसाला आपला खेळ समजत नाही असे मानणे हा सर्व गावांचा जुना परिपाठ आहे. दुसरे मूळ अधिक बळकट. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली, इंजिनीअर होणे ही घरोघरची महत्त्वाकांक्षा बनली, आणि दहावीपासून बारावीपर्यंत मैदानावर दिसणारा मुलगा हा बिघडलेला मुलगा ठरू लागला. दोष विद्येचा नव्हता, वेळापत्रकाचा होता. पण बदनाम विद्या झाली.

दक्षिणेच्या क्रिकेटकडे पाहिले म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. व्यंकटराघवन, श्रीनाथ, कुंबळे हे सारे पदवीधर इंजिनीअर. प्रसन्ना तर १९६२ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यानंतर पदवी पुरी करण्यासाठी जवळजवळ पाच वर्षे कसोटी क्रिकेटपासून दूर राहिले, आणि परत येऊन पुन्हा बळी घेऊ लागले. मुंबईचा क्रिकेटपटू मात्र बँकेच्या नाहीतर कंपनीच्या नोकरीवर पोसला गेला. अजित वाडेकरांनी इंजिनीअर व्हावे अशी वडिलांची इच्छा होती, झाले ते स्टेट बँकेचे अधिकारी. अपवाद अलीकडचा आहे: मुंबईत संगणक अभियांत्रिकी शिकलेला, रणजी खेळलेला आणि पुढे अमेरिकेत नोकरी करणारा सौरभ नेत्रावळकर. ६ जून २०२४ रोजी टी-२० विश्वचषकात अमेरिकेची पाकिस्तानशी बरोबरी झाल्यावर सुपर ओव्हर टाकावयास चेंडू त्याच्या हाती आला; १९ धावा हव्या असताना त्याने १३ दिल्या. खेळाडूंच्या कामगिरीचे पृथक्करण करणारी एक संगणकीय प्रणालीही त्याने रचली होती, हे समजुतीच्या पुरस्कर्त्यांनी विशेष ध्यानात घ्यावे.

राहता राहिला कर्जत-खालापूरचा स्वतःचा इतिहास, आणि तो अद्याप कोणी लिहिलेला नाही. रेल्वेत, वीजगृहांत, खोपोलीच्या पोलाद-कारखान्यांत काम करून सायंकाळी कबड्डीच्या मैदानावर उतरणारे फोरमन, फिटर आणि इंजिनीअर कोण होते, हे सांगणारी कागदपत्रे सरकारी दफ्तरात सापडण्याचा संभव थोडा. ती घरांतल्या पेट्यांत, मंडळांच्या कपाटांत आहेत. ज्यांच्याकडे जुनी स्पर्धापत्रके, गुणपत्रिका, ढालींवरील नावांच्या नोंदी किंवा संघांची छायाचित्रे असतील, त्यांनी ती रद्दीत घालण्यापूर्वी त्यांची एक नक्कल आपल्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात अवश्य ठेवावी.